झाकणाखालचं पत्रक

आमच्या घरात कपड्यांच्या पेटीपेक्षा पत्रकांची पेटी मोठी होती. वडील सभांना जायचे, उरलेली पत्रकं घरी आणायचे आणि बाराखडी संपल्यावर मी थेट तीच वाचली. त्यामुळे कॉलेजात जाईपर्यंत माझं प्रत्येक गोष्टीवर ठाम मत झालं होतं. जॅमवरसुद्धा.

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. मेढ्याजवळच्या आमच्या बौद्धवाडीतल्या पाच बायकांनी करवंदाचा जॅम करायला घेतला होता. आई साताऱ्याला जाऊन त्याचं प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि तिथल्याच बचतगटांच्या प्रदर्शनात आम्हाला एक टेबल मिळालं होतं. वाडीबाहेरचं कुणी आमच्या हातचं विकत घेऊन खाईल का, एवढाच प्रश्न होता. तो कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण लेबलावर काय लिहायचं हे ठरवताना वर आलाच. बायकांनी ठरवलं, वाडीचं नाव नको. नुसतं 'करवंद जॅम, तालुका जावळी'.

मी भडकले. "लपवायचं कशाला? चोरी केलीय का?"

"तू भाषण कर," शेजारची चुलती म्हणाली, "आमी जॅम इकतो."

आई त्यात पडली नाही. ती चुलीपाशी होती. बाटल्या आणि झाकणं मोठ्या पातेल्यात उकळून तिने स्वच्छ फडक्यावर पालथी घातली होती. गर चाळणीतून गाळलेला, बिया बाजूला. साखर घालून शिजवताना ती मधूनच ताटलीवर थेंब टाकायची आणि ताटली तिरकी करायची. थेंब ओघळला नाही तेव्हा पातेलं उतरवलं. गरम जॅम बाटलीच्या गळ्यापर्यंत भरायचा, वर बोटभर जागा ठेवायची, काठ पुसून घ्यायचा. गार झाल्यावर वरून वितळलेल्या पांढऱ्या मेणाचा पातळ थर. मेणाने काचेचा काठ सगळीकडून धरला पाहिजे, हे तिने मला दोनदा सांगितलं. मग झाकण. ते लावायचं काम माझं.

बारा बाटल्या होत्या. आई हात धुवायला गेली तेवढ्यात मी पेटीतलं पत्रक काढलं, त्याच्या गोल चकत्या कापल्या आणि मेण मऊ होतं तोवर प्रत्येक बाटलीत एकेक दाबून बसवली. झाकण उघडणाऱ्याला साखरेआधी समतेच्या दोन ओळी मिळतील! झाकणं घट्ट लावली आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी आईने एक बाटली उजेडात धरली. काठाशी राखाडी केस उगवले होते. तिने झाकण काढलं, चकती बाहेर ओढली. कागदाची कड मेण फोडून थेट जॅममध्ये उतरली होती आणि रस पिऊन फुगली होती.

"हे काय हाय?"

मी सांगितलं. चुलतीने कपाळाला हात लावला. "आगं, पत्रक वाचायचं असतं, मुरवायचं न्हाई!"

बुरशी दोनच बाटल्यांत दिसत होती. मी म्हटलं, त्यातलं वरचं काढून टाकू, बाकीच्या दहा चांगल्या आहेत.

"तुज्या डोळ्याला चांगल्या," आई म्हणाली. "कुणाचं पोट बिघडलं तर बाटलीला कोण बोलणार न्हाई. ह्यांच्या हातचंच तसं, म्हणतील."

तिने बाराही बाटल्या परड्यातल्या खड्ड्यात रिकाम्या केल्या. मी मध्ये पडले नाही. पत्रकात वाचलेली कुठलीही ओळ त्या खड्ड्यापुढे टिकत नव्हती.

वडील संध्याकाळी आले. चकत्या बघून रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एक चकती उलटसुलट केली. "सांगायचंच हाय तर भाईर लिव," ते म्हणाले. "झाकणाखाली दडवलंस म्हंजे तू बी भ्यालीसच की."

मग बायकांशी पुन्हा बोलणं झालं. या वेळी आईने तोंड उघडलं. बाटली पक्की असेल तर नाव लिहायला भ्यायचं कशाला, असं ती म्हणाली, आणि चुलतीनेही शेवटी "लिवा बाई, लिवा" म्हणून टाकलं. करवंदं संपत आली होती. आम्ही पहाटेच डोंगर चढलो, उरलीसुरली पाटीभर वेचली. पुन्हा उकळणं, गाळणं. नऊच बाटल्या झाल्या. लेबल मी लिहिलं: 'बौद्धवाडीतील महिलांनी केलेला करवंद जॅम.'

प्रदर्शनात एका बाईने लेबल वाचलं, बाटली अलगद खाली ठेवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. माझ्या जिभेवर सगळी पेटी आली होती. आईने माझा हात दाबला. दुसरी एक बाई आली, तिनेही वाचलं.

"उघडून दाखवता का?"

"न्हाई ताई. चवीला ही येगळी बाटली हाय, ह्यातलं घ्या. तुमची बाटली घरीच उघडा, आन् चमचा कोरडा घाला."

तिने चव घेतली आणि एक बाटली नेली. संध्याकाळपर्यंत पाच गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई पुन्हा आली, सोबत जाऊबाईंना घेऊन. मुलांनी अर्धी बाटली संपवली म्हणाली.

आईने चवीचं काहीच विचारलं नाही. "मेण कसं निघालं?"

"अख्खं. टिकलीसारखं."

आईने टेबलापाशी बसलेल्या चुलतीकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसली.