चॉकलेटच्या कागदाचा उजेड

नातसून डब्याच्या पोळ्या चांदीच्या कागदात गुंडाळत होती. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि भिंतभर उजेडाचे तुकडे नाचले. "चुरगळू नकोस गं तो," मी उगाच म्हणाले, आणि मन म्हसवडला माहेरी जाऊन बसलं.

लढाईचे दिवस होते. माझं पहिलं बाळंतपण. खोलीला खिडकी नाही, दाराला घोंगडं, आत ओव्याची धुरी. आमचे हे पलटणीतून रजेवर लेकाला बघायला आले, पण बारशाआधीच त्यांना परत जायचं होतं. आई दारात आडवी उभी.

"जावयबापू, बारशापतुर बाप्यानं आत यायचं न्हाई."

"न्हाई येत, मामी. घोंगडं तेवढं वर धरा."

अंगणात उन्हाला उभं राहून यांनी खिशातल्या चॉकलेटचा कागद सोडवला. आधी उजेड नुसताच आढ्याला विस्कटला. मग ओट्यावर कागद ठेवून वाटीच्या बुडानं सुरकुत्या मोडल्या, चकचकीत बाजू उन्हाकडं करून कागद हातात धरला. आता उजेडाचा एकच कवडसा आत आला.

"आवं, डोळ्यांवर नगं त्येच्या," मी म्हणाले.

कवडसा बाळाच्या पायांवरून मुठींवर आला, हनुवटीपाशी थांबला. मग तिथून निघून माझ्या तोंडावर आला आणि तिथंच राहिला. मी लाजून डोळे मिटले. वाटलं, यांचा हात घसरला असेल.

पुढं एवढा संसार झाला, पण ते विचारायचं राहूनच गेलं. आता कळतं, बंदूक धरणाऱ्याचा हात असा घसरत नसतो.