दोनशे बावीस काटे

सबाही माशात दोनशे बावीस काटे असतात म्हणे. माझ्या ताईला, सो-खिमला, ते सगळे पाठ आहेत. तैवानमधल्या ताइनानच्या कालव्यापाशी चौतीस वर्षं तिने या माशाची पेज विकली. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता काटे काढायची. तिच्या अंगठ्याची कातडी माझ्या चपलेच्या तळापेक्षा जाड आहे.

लग्नही तिचं या काट्यांनीच जमवलं. थियाम-होक तेव्हा ट्रक चालवायचा. ताईच्या पेजेच्या गाडीवर आला नि म्हणाला, "मासा नको बाई. लहानपणी घशात काटा अडकला, तेव्हापासून धसका घेतलाय." ताईने एकूणएक काटा काढून वाटी त्याच्यापुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी स्वारी परत हजर. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "ताई, हा माशासाठी येत नाही गं." ती लाजली. वेडी कुठली!

लग्नानंतर पोटाचा लुसलुशीत तुकडा कायम दाजींना, पुढे मुलाला, बो-युआनला. ही डोकं नि शेपूट चोखत बसायची. मुलगा बत्तीस वर्षांचा घोडा झाला, तरी त्याच्या ताटात काटा म्हणून येत नाही. दाजी आठवड्यातले तीन दिवस माल घेऊन च्यायी शहरात मुक्कामी असायचे. त्या डब्यातही हिचा बिनकाट्याचा मासा.

दाजींना जाऊन परवा तीन वर्षं झाली. त्या तिथीला आम्ही पितरांपुढे जेवण मांडतो, उदबत्ती लावतो आणि थोड्या वेळाने कौल लावून विचारतो, "जेवलात का?" लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की हो. दोन्ही सारख्या पडल्या की नाही. त्यांचं उरकल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही.

ताईने कौल टाकला. नाही. परत टाकला. नाही.

"मीठ कमी पडलं का हो?" तिने पितरांच्या पाटीवरच्या दाजींच्या नावाला विचारलं. नाही. "दारू हवीय?" नाही. सिगरेट पेटवून ठेवली. तरी नाही. दुपारचा एक वाजला, सूप गार झालं, माझ्या पोटात कावळे कोकलायला लागले.

"जिवंतपणी कधी एवढे नखरे केले नाहीत यांनी," मी म्हटलं. "विचार बघू, कुणाची वाट बघताय का?"

ताई हसली, विचारलं, टाकला. एक उताणी, एक पालथी.

मीही हसले. पण बो-युआनचा चेहरा पांढराफटक पडला. ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही. आई आहे ती.

"कोणाची वाट बघतायत, बो-युआन?"

"आई, जाऊ दे ना. सूप तापवू या."

"कोणाची?"

मग सगळं बाहेर पडलं. च्यायीत दाजींची एक बाई आहे. मुलगी एकोणीस वर्षांची. बापाने दवाखान्यात मुलाला सांगितलं आणि शपथ घातली. हेही एक वेळ चाललं असतं. पण गेल्या वर्षी या पठ्ठ्याने आमच्या उदाच्या भांड्यातली चिमूटभर राख त्या घरी नेऊन दिली. घर वाटून वेगळं झालं तरच अशी राख देतात. एकदा दिली की पितर तिथेही जेवायला जातो.

"मला न विचारता माझं घर वाटलंस?" ताई म्हणाली.

"त्या रडत होत्या गं. बाबांना तिथेही कुणीतरी जेवायला घालावं, एवढंच..."

"मेल्या, आणि तुझी आई काय हसत होती?" मी ओरडले. ताईने हातानेच मला गप्प केलं. तिला वेगळंच काही विचारायचं होतं.

"ती काटे काढून देते त्यांना?"

बो-युआनने मान खाली घातली. "नाही. त्या म्हणाल्या, अख्खा मासा ठेवायचा. बाबा तिथे स्वतःच काटे काढून खायचे. त्यांनाही काढून द्यायचे."

मला वाटलं, आता ताई कोसळणार. ती स्वयंपाकघरात गेली, अख्खा मासा वाफवून आणला आणि बिनकाट्याची वाटी उचलून त्या जागी ठेवला. काही न विचारता कौल टाकला. एक उताणी, एक पालथी.

"जेवले," ती म्हणाली. "बसा."

बो-युआनने सवयीने ताट पुढे केलं. ताईने तो अख्खा मासा त्यात ठेवला.

"तुझ्या बापाला जमत होतं. तुलाही जमेल."

मग बिनकाट्याची वाटी स्वतःकडे ओढली आणि पोटाचा तुकडा तोंडात घातला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ चावत राहिली. "चांगला लागतो गं," मला म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.