धावणाऱ्याचा दम

धावत आलेल्या माणसाला तुम्ही दम घ्यायला किती वेळ देता?

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी पोटासाठी हेच ठरवतो. आम्ही बंदुकांच्या लढाईचे ऑनलाइन खेळ बनवतो. त्यातला शिपाई धावायचा थांबला, की बंदूक रोखायला त्याला किती वेळ लागावा, हे याचं काम. "अर्धा सेकंदही नाही रे," डबा मांडीवर घेऊन, डोळे मिटून तो म्हणतो. "पण तोही काढला, तर धावत आलेलाच आधी गोळी झाडणार. मग आडोशाला नेम धरून बसलेल्यानं काय करायचं? घरी जायचं?"

आमच्या साहेबांना तो अर्धा सेकंद नको होता. खेळणारे कंटाळतात म्हणे. तो काढायच्या मंजुरीच्या दिवशी लिफ्ट बंद पडली आणि साहेब पाच जिने धावत चढून आले. यानं दारातच मंजुरीचा कागद आणि पेन पुढे केलं.

"अरे, दम तरी घेऊ दे!"

"शिपायासाठी तेवढंच मागतोय, सर."

सगळे हसले. साहेबही हसले. मग खुर्चीत बसून, पाणी पिऊन, त्यांनी सही केली.

आता आमच्या खेळात कोणाला दम लागत नाही. आम्हाला लागतो. बस रोज वाहतुकीत अडकते, आम्ही फाटकापासून धावतो, आणि पाठ टेकायच्या आत काम विचारलं जातं.

उद्या तुमच्याकडे कोणी धापा टाकत आलं, तर काम नंतर सांगा. आधी त्याला खुर्ची द्या.