काचेवरच्या देवी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी एका फोटोने जवळजवळ मोडलं होतं.

ठाण्याच्या कचेरीत नोकरी लागल्यावर मी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा कॅमेरा घेतला. त्यात फोटो काचेवर उमटे; त्या काचा मी घरीच औषधात धुवायचो, स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या कोठीत, लाल कंदिलाच्या उजेडात. यशोदेचं लग्न कल्याणला ठरलं, तेव्हा व्याह्यांना घरच्या मंडळींचा फोटो पाठवावा असं माझ्या मनात आलं. (कोणी मागितला नव्हता.)

अंगणात आई, यशोदा, माझी बायको आणि गाय यांना उभं केलं. काच तर छान धुतली गेली. पण तिच्यावरून कागदावर फोटो उतरवला, तर सगळीकडे मोहरीएवढे काळे ठिपके. मी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, ते दुहेरी फडक्यातून गाळलं. पुन्हा मंडळी उभी राहिली, पुन्हा ठिपके. मग औषधातल्या बुडबुड्यांवर संशय घेतला आणि काच धुताना थाळी डोलवत राहिलो. ठिपके वाढले. आईने परत उभं राहायला नकार दिला; गाईने तो आधीच दिला होता. शेवटी त्यातल्या त्यात बरा फोटो कल्याणला निघालेल्या एका शेजाऱ्याबरोबर धाडला.

दुसऱ्याच दिवशी यशोदेचे होणारे सासरे, तात्या, आमच्या अंगणात हजर. ओटीवर चढेनात, पाणी घेईनात. हातात माझा फोटो. खालच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "देवी कधी आल्या घरात?"

आत आईच्या हातातलं भांडं पडलं. माझी थोरली बहीण देवींच्या आजारातच गेली होती. तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. आई यशोदेला हाताला धरून बाहेर आली आणि तिचा चेहरा तिने उन्हात वर केला.

"नीट बघा हो," ती म्हणाली. "माझ्या पोरीला काही झालेलं नाही."

तात्यांनी यशोदेकडे पाहिलं, मग फोटोकडे. त्यांचा जीव अर्धवट भांड्यात पडला. मी त्यांना काच, औषध, बुडबुडे असं सगळं शास्त्र समजावून सांगितलं, तसे ते दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात दाराआडून माझी बायको म्हणाली, "ठिपके गाईलाही आहेत. मागच्या भिंतीलाही आहेत."

तात्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ भिंत पाहिली. मग ओटीवर येऊन बसले आणि पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांना कोठी बघायची होती. मी खिडकीवरचा काळा कागद काढला. उन्हाच्या पट्ट्यात पीठ तरंगत होतं, शेजारीच दळणाचं जातं होतं. कॅमेऱ्यात घालायची काच मी तिथेच उघडी करायचो. पिठाचा कण बसला की त्याखाली उजेड पोचत नसे, काचेवर पारदर्शक भोक राही आणि कागदावर त्याचा काळा ठिपका उमटे. मी पाणी गाळत होतो आणि काच पिठात घोळवत होतो.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. तात्यांची अट एकच: फोटो मुंबईचा माणूस काढेल. तो फोटो अजून आहे. सगळे चेहरे स्वच्छ, एकही डाग नाही. माझा मात्र चेहराच नाही, नुसता धुरकट पट्टा आहे. ऐन वेळी मी मान वळवून बाकीच्यांना "हलू नका" असं बजावत होतो.