टॉप गिअरचा हट्ट आणि धारणीचा घाट

धारणीला जायचं ठरलं ते ताईच्या मनगटामुळे. माझी ही थोरली बहीण तिथल्या आश्रमशाळेतल्या साऱ्या मुलांचं दळण जात्यावर दळायची. मनगट सुजून टम्म, तरी पहाटे जातं सुरूच. साठच्या दशकातली गोष्ट. जवळपास गिरणी नव्हती. शेवटी आम्ही जुनं तेलाचं इंजिन आणि चक्की ट्रेलरवर चढवली, लष्कराच्या लिलावातल्या आमच्या पिकअप जीपला जोडली आणि अकोल्याहून निघालो.

मूर्तिजापूरवरून परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट. आमचे हे टॉप गिअरमध्ये मजेत. परतवाड्याला गरम भजे खाल्ले, पाण्याची कळशी भरली. पुढे तेव्हा काही मिळत नसे.

घाट लागला आणि तमाशा सुरू झाला. जीपला मोठ्या गिअरशेजारी दोन लहान दांडे होते. ते टाकले की चारी चाकं जोर लावतात. गाडी हळू चालते, पण ओढते. विकणाऱ्यानं आम्हा दोघांनाही दाखवलं होतं. पण ह्यांनी दसऱ्याला त्याच दांड्यांची पूजा करून दोन्हींना एकत्र लाल नाडा बांधलेला, गच्च! आणि पूजेचा नाडा म्हणे सोडायचा नाही.

"अहो, लहान दांडे टाका!"

"त्यानं पेट्रोल लय पेते गाडी. इंजिनात दम हाय, तू काहून बोंबलून राहिली?"

दम असेल हो, पण तो चाकापर्यंत पोचायला नको? क्लच जळल्याचा वास आला, ट्रेलर मागे सरकू लागला. मी उडी मारून चाकामागे दगड लावला. कपाळ माझं! क्लच गेला तर चक्की घाटात आणि ताई जात्यावर.

मी डब्याच्या पिशवीतला चाकू काढला आणि नाडा कापला.

"देव कोपन ना!"

"कोपू द्या, त्याले मी पाहून घेईन. टाका दांडे!"

टाकले. माणसाच्या चालीनं, घुरघुरत, पण न थांबता जीप घाट चढली.

धारणीत पट्टा चढवून चक्की सुरू केली. ताईनं पिठात हात घातला. "गरम हाय व," म्हणाली आणि रडली. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली, शाळेची घंटा झाली, तरी ती झोपलेलीच. कुणी उठवलं नाही.

अकोल्यात परतल्यावर हे ओट्यावर बसून चौघांना सांगत होते, "मंग मीच म्हणलं, लहान दांडे टाकू!" असा संताप आला म्हणून सांगू! आजही कुणी त्या घाटाचं नाव काढलं की मी आधी ह्यांच्यावर चिडते. मग उन्हं आली तरी झोपलेली ताई दिसते, आणि माझा राग उतरतो.