नट आधी बोटांनी

आमच्या दाजींचा राग नाकावर, आणि नाक सदा कुठल्या तरी गाडीच्या पोटात. ताईचं लग्न झाल्यापासून मी हेच पाहत आलोय. घराला लागूनच त्यांचं गॅरेज. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई हाक मारते आणि गाडीखालून उत्तर येतं. एखाद्या गिऱ्हाइकाने शहाणपणा शिकवला की दाजी गाडीची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून "या आता" म्हणायचे. तरी लोक परत यायचे, ते त्यांच्या बोटांसाठी. जिथे डोळा पोचत नाही तिथे दाजींचं बोट पोचायचं. नट आधी बोटांनी फिरवून बसवायचा, पाना नंतर, हा त्यांचा कायदा. आधीच पाना लावणाऱ्याला ते ठोंब्या म्हणत. मी एकदाच तसं केलं आणि माझं तेच नाव पडलं. आता ताईसुद्धा कधी कधी त्याच नावाने हाक मारते.

मध्यंतरी ताईचा फोन आला. "साखरेने यांच्या बोटांना स्पर्श कळेनासा झालाय, नसा गेल्यात रे. डॉक्टर म्हणाले, परत येतील असं धरून चालू नका. हे म्हणतात, डॉक्टरला गाड्यांतलं काय कळतं! तू मात्र काही बोलू नकोस हं."

मी कसला बोलतोय! दाजींसमोर मी आज ऊन आहे की नाही हेसुद्धा जपून सांगतो.

आणि नेमकी माझीच पिकअप गळायला लागली. मी दुकानांच्या गाद्या घरोघर पोचवतो, गाडी थांबली की पोट थांबलं. सकाळी पाहिलं तर गाडीखाली लाल तेलाचं थारोळं. दाजींकडे न्यायची तर त्यांच्या बोटांची परीक्षा, दुसरीकडे न्यायची तर मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना लगेच कळणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांच्याच दारात नेली.

दाजी पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेले. मी बाजूला उकिडवा बसून बॅटरीचा झोत धरला. माझी गाडी ऑटोमॅटिक. गिअरबॉक्सचं तापलेलं तेल दोन बारीक नळ्यांतून पुढे रेडिएटरमध्ये जातं आणि थंड होऊन परत येतं. त्यातली एक नळी, तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली गंजून सडली होती.

"गाडी धुतोस की नुसतं कौतुक करतोस तिचं?" दाजी खालून ओरडले. मला बरं वाटलं. ओरडणारे दाजी म्हणजे धडधाकट दाजी.

जुनी नळी निघाली. तिच्याकडे बघत बघत त्यांनी नवी नळी वाकवली, अगदी हुबेहूब. तेवढ्यात मी डॉक्टरला मनातल्या मनात खोटं पाडूनही टाकलं.

मग नट आला. नळीच्या टोकाचा हा नट रेडिएटरच्या तोंडात बसवायचा. ते तोंड अ‍ॅल्युमिनियमचं, मऊ. नट तिरका गेला की आटे गेले, आणि आटे गेले की रेडिएटर गेला. जागाही अशी अडचणीची, की तिथे फक्त हात जातो, नजर नाही. दाजींनी हात वर घातला. नळी हलली, खरखर झाली, थांबली. पुन्हा हलली. त्यांनी हात बाहेर काढला, बोटं फडक्याला पुसली. "तेल लागलंय," म्हणाले. पुन्हा हात वर गेला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"दाजी, मी बघू का?"

"तू? तुझ्या हातात मी सायकलचं पेडलसुद्धा देणार नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "पाना दे."

इतक्या वर्षांत ज्या गोष्टीवरून त्यांनी माणसांना ठोंब्या ठरवलं, तीच ते करत होते. पाना माझ्या पायाशीच होता. मी उगाच इकडेतिकडे शोधल्यासारखं केलं.

"ठोंब्या, कानात बोळे घातलेस का?"

दिला. काय करणार होतो? धातू कचकचला. तो आवाज त्यांनीही ऐकला असणार. "बसला," ते म्हणाले.

तेल भरलं. मी गाडी चालू केली, ब्रेक दाबून गिअर सगळीकडे फिरवून आणला आणि पुन्हा खाली येऊन बसलो. दाजींनी सांधा चाचपायला हात वर घातला.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "एक थेंब नाही."

बॅटरीच्या उजेडात मला त्यांचा हात दिसत होता. लाल तेल बोटांवरून तळव्यात येत होतं, मनगटाला वळसा घालून खाली उतरत होतं. मी नुसता बघत राहिलो. धार कोपरापर्यंत पोचली तेव्हा दाजी दचकले. तिथलं त्यांना कळत होतं.

त्यांनी हात बाहेर काढून उजेडात धरला. बोटं लाल, निथळणारी. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"तुला दिसत होतं?"

"हो."

"गाडी बंद कर."

मी बंद केली. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी देवाला म्हणत होतो, देऊ देत. पण ते सरकत गाडीखालून बाहेर आले, उठून बसले आणि समोरच्या भिंतीला बोलावं तसं बोलले, "चौकातल्याकडे ने. ओढून ने, चालवत नेऊ नकोस, गिअरबॉक्स जळेल."

चौकातल्या त्या मेकॅनिकबद्दल दाजींच्या तोंडून मी कधी एक धड शब्द ऐकला नव्हता.

"रेडिएटरचे आटे माझ्याकडून गेले, असं सांग त्याला. लपवू नकोस, नाहीतर तो दुसरीकडेच शोधत बसेल. हात चांगला आहे त्याचा."

खिडकीत ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "दाजी, तुम्हीही चला ना. तुम्ही असलात तर तो काम नीट करेल."

त्यांनी फडकं उचललं आणि बोटं एकेक करून पुसायला घेतली.

"मी येऊन काय करू?" ते म्हणाले.