जमिनीतली हवा काढणारे सर

आमच्या भागात विज्ञानाचा खरा उपासक एकच होऊन गेला, आणि त्याला विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं ठाऊक नसत. हे अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे सर. आळेफाट्याकडं सगळे त्यांना 'हवावाले सर' म्हणत.

आमच्या काकूच्या विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला तेव्हा ते आले. शेजारचं गॅरेज कधीच बंद पडलं होतं, पण तिथं पुरलेली पेट्रोलची टाकी गंजून जमिनीत गळत राहिली होती. काकूला वासापेक्षा दुसरंच लागलं होतं. घरी आलेला पाहुणा तांब्याला हात लावीना. "पाणीच नको म्हणत्यात. मंग बसा तरी कोणत्या तोंडानं म्हणू?" असं म्हणत ती दारातच उभी राही.

सरांनी टाकी उकरून काढायला लावली आणि सांगितलं, नुसती विहीर उपसून भागणार नाही, जमिनीतली हवा उपसावी लागेल. "मातीत मुरलेलं पेट्रोल उडून जातं. हवा ओढली की तेही येईल. आणखी पाण्यात उतरायच्या आत त्याला गाठायचं." त्यांनी भोकं पाडलेले पाइप जमिनीत उभे केले, त्यांना गाई पिळायच्या मशीनचा जुना पंप जोडला आणि निघालेली हवा पेट्रोल शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पिंपातून सोडली. बोअरला पाण्याऐवजी हवा लागली म्हणून कपाळाला हात लावलेली माणसं आमच्याकडं पुष्कळ. हवेसाठी मुद्दाम पाइप घालणारा इसम बघायला ती सगळी आली.

"सर, किती लिटर निघाली?" शेजारच्या अण्णांनी विचारलं.

"ते मलाही कळायचंय," सर गंभीरपणे म्हणाले.

हे वाक्य ते एवढ्या वेळा म्हणत, की लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. साहेब म्हटला की त्यानं ठणकावून सांगायला हवं. सर मात्र पाइपाशी उकिडवे बसून डोकं खाजवत.

बरेच दिवस पंप नुसता घरघरला. मग एकाएकी पिंपाकडं जाणाऱ्या हवेला उग्र वास येऊ लागला आणि विहिरीचा उतरत गेला. सर आनंदण्याऐवजी गोंधळले. शेवटी उलगडलं ते असं: 'दारात मशीन, आन् भुई अशी उकरल्याली, बरं दिसत न्हाई' म्हणून काकूनं पाइपांभोवतीची सगळी जागा शेणानं सारवली होती. भेगा बुजल्या, तसा पंप वरची हवा सोडून खालची ओढू लागला असावा, असं सर म्हणाले.

"असावा म्हंजी?" काकू.

"म्हणजे अंदाज. पण सारवत राहा."

"ते तुमी न सांगता बी सारवीन."

पुढं पुण्याहून पाणी तपासून आलं. पिण्यास योग्य. पाहुण्यांनी अहवाल वाचला, मान डोलावली आणि तांब्याला हात लावला नाही. "कागदाचं काय राव," अण्णा म्हणाले, "त्या सरांनी तरी घोटभर घेतलंय का?"

सरांची बदली झाली. निरोपाला अंगण भरलं. काकूनं तांब्या पुढं केला. सरांनी वास घेतला, डोळे मिटले आणि तांब्या रिता केला. त्यांना काही होतंय का, हे सगळ्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग अण्णांनी भांडं पुढं केलं, "वहिनी, मला बी द्या."

दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती त्या विहिरीचं पाणी पिऊ लागली. आजही पिते.

निरोपाच्या दिवशी पहाटेपासून लाइट नव्हती, विहिरीवरची मोटर बंद होती. तांब्यातलं पाणी वरच्या आळीतल्या हातपंपाचं होतं.